गाऱ्हाण्यातला ‘आणि’

अक्षया गणित सोडणार, हे मला तिच्याकडून नव्हे, अरिबाकडून कळलं.

मे महिना होता. अकरावीची परीक्षा संपली होती आणि बारावीचं कॉलेज उघडायला अवकाश होता. आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. तिथे माझ्या पडवीत या दोघी रोज सकाळी गणिताला येत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मला मुलांशिवाय करमत नाही. जी येतात त्यांना शिकवते. या दोघींना इंजिनिअरिंगला जायचं होतं. त्याची प्रवेशपरीक्षा गणितावाचून देता येत नाही, म्हणून सुट्टीतच आम्ही बारावीचं पुस्तक उघडलं होतं.

त्या दिवशी अरिबा एकटीच आली. बंदरावर मासळीचा व्यापार करणाऱ्या मुझफ्फरची ही मुलगी. तिला गप्प बसवणं हे माझं रोजचं काम. आज ती आपणहून गप्प होती.

“अक्षया खंय?”

“ती येवची नाय, बाई. ती गणित सोडता. कॉलेज उघाडला की इषय बदलूचो अर्ज देतली. बायलॉजी घेवन मगे नर्सिंग.”

“कोणी सांगितलं तिला?”

“देवान.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. “अगो, नीट सांग.”

“नीटच सांगतंय. काल तिच्या घरच्यांनी देवळात कौल लावल्यानी. डावो पडलो. तिचो तात्या म्हणता, देवान नाय म्हटल्यान, आता इषय संपलो.”

आमच्याकडे घरातली मोठी गोष्ट ठरवायची तर देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवतो, घरच्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्यांचा प्रश्न देवापुढे मांडतो, आणि मग सगळे हात जोडून उभे राहतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. लग्नं, विहिरी, जमिनीचे वाद, पुष्कळ काही यावर ठरतं. माझ्या या घराचा चौथरा घालताना मीही कौल लावला होता. तेव्हा कौलावर माझा संशय नव्हता. संशय आला तो माणसांवर.

तात्या म्हणजे दत्तप्रसाद, अक्षयाच्या वडलांचा थोरला भाऊ. वडील, शिवा, गोव्यात एका कंपनीची गाडी चालवतो आणि सणावाराला येतो. घर, काजूची बाग, शेती, सगळं दत्तप्रसादच्या शब्दावर चालतं. माणूस वाईट नाही. पण कोणी हसून बोललं तर आधी मागे वळून बघणारा. मी या मुलींना काही न घेता शिकवते, हे त्याला पहिल्यापासून खटकत होतं. एकदा रस्त्यात थांबवून त्याने मला विचारलं होतं, “बाई, ह्या शिकवण्यात तुमचा काय?” माझं काहीच नाही म्हटल्यावर त्याचं तोंड आणखी उतरलं होतं. काहीतरी असतं तर ते त्याला समजलं असतं.

दोन दिवसांनी अक्षया माझी जुनी पुस्तकं परत द्यायला आली. पुस्तकांना नवीन कागदाची कव्हरं घातली होती.

ही मुलगी आठवीत असताना मला रस्त्यात विचारायची, विजेच्या तारा दोन खांबांमधून ताठ का बांधत नाहीत, सैल का सोडतात? मी म्हटलं होतं, याचं उत्तर गणितात आहे, पण तिथवर जायला काही वर्षं लागतील. तेव्हापासून ती चालतेच आहे.

“बस वायच,” मी म्हटलं.

“नको, बाई. काजी सुकत घातलेत.”

“तुला सोडायचंय गणित?”

“माका काय व्हया तां कोण इचारता? देवाक इचारल्यानी.” रागाने नव्हे, साधं सांगावं तसं ती म्हणाली. “आणि देव खोटां सांगता असा मी म्हणाचंय नाय.”

“तू होतीस तिथे?”

“नाय. मी हयसरच होतंय, तुमच्याकडे. ‘तू पोर, तुजा थंय काय काम?’ म्हटल्यान तात्यान.”

ती गेल्यावर मी ते वाक्य मनात उलटसुलट करत राहिले. मुलगी माझ्याकडे असताना, नेमक्या त्याच वेळी कौल लावला. का?

त्या दुपारी मी तिच्या घरी गेले. दत्तप्रसाद खळ्यात बसून आंब्यांच्या पेटीत गवत भरत होता. मला बघून उठला, ओटीवर चटई टाकली.

“या बाई. बसा. काय काम काढलंत?”

एरवी हा माणूस माझ्याशी मालवणीत बोलतो. आज त्याने ओरोसच्या जिल्हा कचेरीत साहेबासमोर बोलावी तशी पुस्तकी भाषा काढली. आमच्याकडे माणसाने अशी भाषा बदलली की तो दोन पावलं मागे सरकला असं समजावं.

“अक्षयाच्या गणिताचं विचारायला आले.”

“तो विषय देवापुढे झाला आहे.”

“देवाला काय विचारलंत?”

“जे विचारायचं होतं तेच.” त्याने पेटीवर फळी ठेवली आणि मान वर न करता म्हणाला, “तुमची भाची पुण्याला असते ना? कुठल्याशा क्लासमध्ये?”

“हो. शिकवते तिथे. का?”

“सहज विचारलं.”

अक्षयाची आई, नर्मदा, कोकम सरबत घेऊन आली. एरवी ही बाई मला बघितलं की बोलत सुटते. आज तिने पेला ठेवला आणि पदर सावरत लगेच आत गेली. वर बघितलंसुद्धा नाही. दबलेलं माणूस असंच वागतं, असं माझ्या मनात आलं. कोणी दाबलंय, तेही मी मनात ठरवून टाकलं.

देवळाचा गुरव दीपेश हा माझा विद्यार्थी. गणितात कच्चा, पण पाठांतर असं की एकदा ऐकलेली गोष्ट कानामात्रेसकट परत म्हणणार. मी गेले तेव्हा तो पायरीवर बसून समया घासत होता.

“दीपेश, त्या दिवशी शिवाच्या मुलीचा कौल लावलास ना?”

“होय, बाई.”

“कळे दोन्ही बाजूचे सारखेच ओले होते?”

त्याचा हात थांबला. “बाई, तुमी माका नववीत कॉपी करताना धरलेल्यात. तेवापासून तुमका माजो संशय.”

“तसं नाही रे.”

“तसाच आसा. तेवा मी केलेलंय, ता कबूल. पण हयसर मी तसा करणंय नाय. दोनय कळे एकाच पाण्यातले.”

तो खरं बोलत होता. वर्गात इतकी वर्षं काढल्यावर तेवढं कळतं. मी जरा ओशाळले. मग विचारलं, “गाऱ्हाणं काय घातलंस?”

“तसा नुसता सांगाक येवचा नाय. म्हणाचा लागता.”

“मग म्हण.”

त्याने हात धुतले, उभा राहिला, डोळे मिटले, आणि घासलेल्या समयांसमोर त्याचा आवाज एकदम वेगळा झाला.

“बा देवा म्हाराजा, तू ह्या गावाचो राखणदार, बारा पाचाचो धनी. आज तुज्या पायाकडे शिवाच्या घरची माणसां इली हत. शिवाचां चेडू अक्षया. तेका गणित शिकान इंजिनेर होवचा आसा, आणि तेच्यासाठी ह्या वर्साच पुण्याक क्लासाक जावचा आसा. ह्यां तुज्या मनात असात तर उजवो दी, नसात तर डावो दी. चुकला माकला पोटात घाल, लेकरांची राखण कर, रे म्हाराजा!”

आणि सवयीने स्वतःच म्हणाला, “होय म्हाराजा.”

“ते मधलं परत म्हण.”

“खंयचा?”

“इंजिनेर होवचा आसा, तिथपासून.”

त्याने परत म्हटलं. मी पायरीवर बसले. पुण्याचं नाव मी कधीही, कोणापाशीही काढलं नव्हतं. या मुलींनी इथेच राहून, इथल्याच कॉलेजात बारावी करावी आणि सकाळी माझ्याकडे यावं, एवढंच माझं म्हणणं. मग देवापुढे पुणं आलं कुठून?

“पुण्याचं कोणी सांगितलं तुला?”

“घरच्यांनी.”

“घरचे म्हणजे कोण?”

दीपेशने समई उचलली. “बाई, गाऱ्हाण्यात एकदा घातला की तां सगळ्या घराचा. कोणाच्या तोंडातना इला, तां मी सांगूचंय नाय.”

घरी येताना मला वाटेवरचं काही दिसलं नाही. दत्तप्रसादचाच हा डाव, मला आता शंका उरली नव्हती. ज्याला एखादी गोष्ट नको असते, तो ती सरळ नाकारत नाही. तिच्या शेपटीला दुसरी अवघड गोष्ट बांधून ठेवतो. मुलीने गणित शिकावं का, एवढंच विचारलं असतं तर? पण त्याला जोडलं पुणं. मधे एक ‘आणि’ टाकला, बस. आणि मुलगी तिथे नको म्हणून वेळ अशी निवडली.

पण हे सांगायचं कोणाला? मी दत्तप्रसादकडे जाऊन कौलाची चूक काढली असती तर बाईला देवापेक्षा जास्त कळतं, असं संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं असतं. आणि ते ओझं अक्षयाच्या डोक्यावर पडलं असतं, माझ्या नव्हे.

शेवटी मी अरिबापाशी निरोप धाडला. म्हटलं, अक्षयाला सांग, गणित सोडायचं तर सोड, पण चालू धडा अर्धा टाकून जाऊ नको. धडा पुरा कर.

दुसऱ्या दिवशी ती आली.

बारावीच्या गणितात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे. एखादं विधान खरं कधी, खोटं कधी, ‘आणि’ने जोडलं तर काय होतं, ‘किंवा’ने जोडलं तर काय, ‘जर-तर’चं काय. मुलांना वाटतं, यात कसलं गणित? आकडेच नाहीत. पण पुढे मोठी उदाहरणं जिथे फसतात, तिथे बहुतेक वेळा हाच धडा कच्चा राहिलेला असतो.

मी फळ्यावर लिहिलं: ‘बाजारात बांगडे आले आणि पेडवे आले.’

“हे विधान खोटं आहे असं समजा. मग खरं काय? लिहा.”

अक्षयाने झटकन लिहिलं: ‘बाजारात बांगडे आले नाहीत आणि पेडवे आले नाहीत.’ लिहिताना एकदाही थांबली नाही. या जागी जवळजवळ सगळी मुलं हेच लिहितात. मी कधी लगेच चूक म्हणत नाही. चूक म्हटलं की मूल खोडरबर शोधतं, विचार करत नाही.

“अरिबा, तुझं काय म्हणणं?”

“माजा म्हणणा, काल आमच्याकडे मगे काय शिजला?” अरिबा म्हणाली. “अब्बान काल बांगडे हाडल्यान. पेडवे बंदरार इलेच नाय. फळ्यारचा वाक्य खोटां, पण बांगडे तर मी खाल्लंय. काटो अजून दातात आसा.”

अक्षया हसली नाही. आपण लिहिलेल्या ओळीकडे बघत राहिली. ती तिने खोडली नाही. खाली चार ओळींचा तक्ता आखला. दोन्ही आले. बांगडेच आले. पेडवेच आले. दोन्ही आले नाहीत. पहिल्या ओळीपुढे ‘खरं’ लिहिलं. बाकीच्या तिन्हींपुढे ‘खोटं’. आणि खाली नवीन वाक्य लिहिलं: ‘बांगडे आले नाहीत किंवा पेडवे आले नाहीत.’

“बरोबर,” मी म्हटलं.

ती अजून तक्त्याकडेच बघत होती. पेन्सिल हातातच होती. मग तिने मान वर केली.

“बाई, दीपेशदादान गाऱ्हाण्यात काय म्हटल्यान?”

मी फळा पुसायला घेतला.

“तुमी थंय गेल्ल्यात तां सगळ्या वाडयेक म्हायती आसा,” अरिबा मधेच म्हणाली.

विद्यार्थ्याने विचारलं तर सांगायला हवं. दीपेशने म्हटलं होतं ते वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. अक्षयाने ते लिहून घेतलं. ‘आणि’वर गोल केला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या विधानांना एकेक अक्षर दिलं आणि पुन्हा चार ओळी आखल्या.

“म्हणजे देवान गणित नको म्हटल्यानच नाय!” अरिबा ओरडली.

“नको म्हटल्यान नाय, असाय म्हणाक येणा नाय,” अक्षया हळू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत मला तिचा काका दिसला. “ह्यो धडो तुमी आजच कित्याक घेतलात, बाई?”

“धडा पुस्तकात पहिलाच आहे. पण हे उदाहरण आज द्यायचं, हे मी काल ठरवलं.”

तिने वही मिटली. “बरा,” म्हणाली. “मगे संध्याकाळी आमच्याकडे येवा. पण नुसत्या बसा. बोलू नकात.”

दिवेलागणीला मी गेले. दत्तप्रसाद ओटीवर होता. नर्मदा तुळशीपुढे दिवा लावून आत गेली आणि माजघराच्या दारात थांबली. अक्षया काकासमोर उभी राहिली आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. बांगडे, पेडवे, मग गाऱ्हाणं. दत्तप्रसादने ते मधे न बोलता ऐकलं. त्याचे डोळे मात्र सगळा वेळ माझ्यावर.

“ह्यां तुका बाईंनी शिकवन धाडल्यानी,” तो म्हणाला.

“होय. पण त्यात चूक असात तर दाखया.”

“देवाक व्याकरण शिकवतंस?”

“देवाक नाय, तात्या. आपण देवाक काय इचारला, तां बघतंय. पुण्याचा त्यात कोणी घातल्यान?”

“कोणी म्हणजे?” दत्तप्रसाद उठून उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे बोट केलं आणि परत ती कचेरीची भाषा काढली. “तुम्ही सांगा, बाई. तुमची भाची तिथे क्लासमध्ये. तिला मुलं लागतात. मुलगी हाताशी धरून तुम्ही वर्षभर शिकवलंत, आणि पुण्याचं या घरात घातलंत. खोटं असेल तर खोटं म्हणा.”

अक्षयाने बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तरी मी बोलले. “मला वाटलं, ते तुम्ही घातलंत.”

“मी?”

“देवाने नाही म्हणावं म्हणून.”

“मी कित्याक घालू? पुण्याचा नाव माका थंय देवासमोर आयकाक इला, तेवा कळला! माका वाटला, हो बाईंचो खेळ. कौल डावो पडलो तेवा मी मनात म्हटलंय, बरा झाला, देवान पकडल्यान!”

इतके दिवस आम्ही दोघांनी एकमेकांच्या पाठीमागे शोधलेली वस्तू दोघांकडेही नव्हती.

“मी सांगलंय.”

माजघराच्या दारातून आवाज आला. नर्मदा दाराची चौकट धरून उभी होती.

“दीपेशाच्या हातात नारळ देताना मी सांगलंय, भावोजी. देवाक रोज उठान कोण इचारता? म्हटलंय, एकदाच इचारतंव तर सगळाच इचारूया. बाईंची भाची गणपतीत इल्ली तेवा सांगी हुती, थंय कशी शिकयतत ती. माका वाटला, हयसर रवान चेडवाक अर्धाच गावतला. पुरा गावांदे. तुमका सांगूक धीर झालो नाय.” तिने पदर तोंडाला लावला. “माज्या हावरेपणान तिचा गणित गेला.”

म्हणून त्या दिवशी माझ्यासमोर तिची मान वर झाली नव्हती. आणि मी तिच्या त्या खाली घातलेल्या मानेवरून सगळा दोष दुसऱ्याच माणसावर ठेवला होता.

दत्तप्रसाद परत बसला. त्याने पंच्याने मान पुसली. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी आलं.

“मगे झाला तर,” तो म्हणाला. “सरळ गोष्ट आसा. देवान पुण्याक नाय म्हटल्यान. आमकाय ता नकोच हुता. गणित करांदे हयसर.”

माझा जीव भांड्यात पडला. नर्मदाने देवघराकडे हात जोडले. झालं, मिटलं, आता कोणी काही बोलू नये, असं मला वाटत असतानाच अक्षया म्हणाली, “तसा नाय, तात्या.”

“काय नाय?”

“डाव्या कौलान पुण्याकच नाय म्हटला, असा होणा नाय.” तिने बोटं पुढे केली. “तीन गोष्टी उरतत. गणित होय, पुणा नाय. नायतर पुणा होय, गणित नाय. नायतर दोनय नाय. ह्यातली खंयची, तां आपणाक कळाक नाय.”

“गणित नाय आणि पुणा होय, म्हणजे थंय जावन काय करतलंस? भेळ खातलंस?”

“तां माका म्हायत नाय. पण ती ओळ खोडूक येणा नाय.”

“गप गो, बाय माजे!” नर्मदा दारातून पुढे आली. “देव दार उघडता आणि तू आतसून कडी घालतंस!”

माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. सगळं हातात आलेलं असताना ही मुलगी ते परत टाकत होती, आणि गंमत अशी की तिचं बरोबर होतं. मीच शिकवलं होतं.

दत्तप्रसाद पुतणीकडे बघत होता. वर्षभर तिच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दामागे कोण आहे, हेच तो शोधत आला होता. आताही त्याने तेच विचारलं.

“ह्यां पण बाईंनी सांगल्यानी तुका?”

“नाय,” अक्षया म्हणाली. “बाईंच्या तोंडाकडे बघा.”

त्याने बघितलं. माझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मला ठाऊक नाही, पण त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग छातीतून. त्या घराच्या ओटीवर मी त्याला पहिल्यांदाच असं हसताना बघितलं.

“बाईंचाच नुकसान करतंस गो तू!” तो म्हणाला. मग हसू आवरून पुढे वाकला. “बरा, माका परत सांग. तीन उरतत. त्यातली गणित नाय म्हणणारी किती?”

“दोन.”

“आणि होय म्हणणारी?”

“एक.”

“एक आसा मा पण?”

“आसा.”

“खोडूक येणा नाय?”

“नाय.”

“मगे पुरे.” त्याने मांडीवर थाप मारली. “कौल परत लावचो नाय. इचारलेला परत इचारला तर देव म्हणतलो, ह्यांचो माजेर इश्वास नाय. तेना एक वाट ठेवली हा, त्या वाटेन जावया. चुकला तर माज्या मानेर. शिवाक मी सांगतंय.”

नर्मदा चुलीकडे गेली. भांड्याचा आवाज झाला, चहाचा वास आला. अक्षया तशीच उभी होती. तिला आपण जिंकलो का हरलो, हेच कळलं नसावं.

“पण एक,” दत्तप्रसाद म्हणाला, आणि परत तो जुना, मागे वळून बघणारा माणूस झाला. “मी येवन बसतलंय. तुमच्या पडवेर. काय शिकवतास, कसा शिकवतास, तां माका माज्या डोळ्यान बघूचा आसा.”

“या की,” मी म्हटलं.

मला वाटलं, एक दिवस येईल. तो रोज येतो. बागेतलं काम उरकून घाम पुसत येतो, पडवीच्या टोकाला खांबाला पाठ लावून बसतो, पानसुपारी काढतो आणि फळ्यावर असं लक्ष ठेवतो, जणू मी वजनात मारणार आहे. अरिबा त्याला हळूच ‘सुपरवायझर’ म्हणते. त्याला ते ऐकू येतं आणि आवडतं, असा माझा अंदाज आहे.

काल अक्षया ‘किंवा’चा तक्ता भरत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील त्या ओळीपुढे तिने ‘खरं’ लिहिलं, आणि खांबाकडून आवाज आला.

“थांब गो. बाई, ह्यां माका पटणा नाय.”

“काय पटत नाही?”

“लग्नात वाढपी इचारता, सोलकढी व्हयी की ताक? दोनय म्हटला तर देतलो काय? एकच गावता. मगे हयसर दोनय कशी चालतत?”

“आमच्यात देतत,” अरिबा म्हणाली.

“तू गप. मी बाईंका इचारतंय.”

मी खडू खाली ठेवला. हा प्रश्न दरवर्षी एखादंच मूल विचारतं, आणि ज्या वर्षी कोणी विचारत नाही, त्या वर्षी मला वर्गाची काळजी वाटते.

“वाढपी ‘की’ म्हणतो, दत्तप्रसाद. ‘की’ म्हटलं की एकच उचलायचं. हा ‘किंवा’ आहे. पोर लंगडत आलं तर तुम्ही काय म्हणता? पायात काटा किंवा काच गेली असेल. बघितलं आणि दोन्ही निघाली, तर तुम्ही खोटं बोललात का?”

तो विचार करू लागला. सुपारी तोंडात तशीच राहिली. मग उठून फळ्यापाशी आला आणि तक्त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला. एका ओळीवर अक्षयाचा हात होता.

“हात काढ थंयसून,” तो तिला म्हणाला. “सगळ्यो ओळी बघूक दी. एकय लपवू नको.”